शब्दार्थ आधी की रहस्य आधी?

इंग्रजीच्या वर्गात एखादी कथा शिकवायला घेतली की प्रथम कठीण शब्दांची यादी फळ्यावर लिहायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत आहे. पाठ्यपुस्तकात शब्दार्थ धड्याच्या शेवटी असतात, बाजारातल्या गाइडात ते धड्याच्या आधी येतात, आणि पुष्कळ विद्यार्थी मूळ धड्यापेक्षा त्या यादीवरच अधिक विसंबतात. वैचारिक निबंध, चरित्र, प्रवासवर्णन अशा लेखनाचे या पद्धतीने फार नुकसान होत नाही. कवितेचे होते, पण त्याविषयी आपल्याकडे बरीच चर्चा झाली आहे. रहस्यकथेचे जे नुकसान होते ते निराळ्या जातीचे आहे. रहस्यकथेत शब्द हाच पुष्कळदा पुरावा असतो. साक्षीदार काय बोलला, कोणत्या शब्दात बोलला, ऐकणाऱ्याने त्याचा काय अर्थ लावला, यावर सारा डोलारा उभा असतो. त्या शब्दाचा अंतिम अर्थ वाचन सुरू होण्यापूर्वीच फळ्यावर लिहून टाकणे म्हणजे खटला उभा राहण्याआधीच निकाल वाचून दाखवणे होय.

प्रस्तुत लेखात हा मुद्दा एकाच कथेच्या आधारे मांडतो. ती कथा म्हणजे आर्थर कॉनन डॉयल यांची 'द अॅडव्हेंचर ऑफ द स्पेकल्ड बँड'. 'स्ट्रँड' मासिकाच्या फेब्रुवारी १८९२ च्या अंकात ती प्रथम प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी 'द अॅडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स' या बारा कथांच्या संग्रहात आठवी कथा म्हणून समाविष्ट झाली. पुढे १९२७ मध्ये डॉयल यांनी स्वतःच्या आवडत्या होम्सकथांची क्रमवारी लावली तेव्हा पहिले स्थान तिलाच दिले. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचून मग या लेखाकडे वळावे हे बरे, कारण रहस्य उघड केल्याशिवाय येथे पुढे जाता येणार नाही.

कथा थोडक्यात अशी. १८८३ च्या एप्रिलमध्ये हेलन स्टोनर नावाची भेदरलेली तरुणी पहाटेच होम्सकडे येते. तिचे सावत्र वडील डॉ. ग्रिम्सबी रॉयलट हे एका दरिद्री झालेल्या जुन्या घराण्याचे शेवटचे वंशज. कलकत्त्यात त्यांनी डॉक्टरकी केली, तेथेच हेलनच्या विधवा आईशी विवाह केला आणि नंतर इंग्लंडला परतून ते स्टोक मोरन येथील वडिलोपार्जित वाड्यात राहू लागले. हेलनची जुळी बहीण ज्युलिया दोन वर्षांपूर्वी, लग्न पंधरा दिवसांवर आले असताना, बंद खोलीत गूढ रीतीने मरण पावली. मरताना तिने 'ठिपकेदार बँड' अशा अर्थाचे शब्द उच्चारले. आता हेलनचे लग्न ठरले आहे, घरातील दुरुस्तीमुळे तिला ज्युलियाच्याच खोलीत झोपणे भाग पडले आहे, आणि ज्युलियाने मृत्यूपूर्वी काही रात्री ऐकलेली शीळ तिलाही ऐकू आली आहे.

सगळी कथा या 'बँड' शब्दाभोवती फिरते. इंग्रजीत त्याचे निदान दोन अर्थ येथे लागू पडतात. एक म्हणजे टोळी. वाड्याच्या आवारातील काटेरी झुडपांच्या जमिनीवर डॉक्टरने जिप्सींना तळ ठोकू दिला आहे, त्यामुळे हा अर्थ प्रथम मनात येतो. दुसरा अर्थ पट्टी किंवा फीत. जिप्सी डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधतात, तेव्हा 'ठिपकेदार' हे विशेषण त्या रुमालांवरून सुचले असेल, असे हेलनलाही वाटते. तिसरी शक्यता, म्हणजे अंगावर ठिपके असलेला साप, कोणत्याही शब्दकोशात 'बँड' या नोंदीखाली सापडणार नाही. तो कोशातला अर्थ नव्हेच. काडीच्या क्षणभराच्या उजेडात एका घाबरलेल्या मुलीला जे दिसले, त्याला तिने दिलेले ते नाव आहे. तिच्या एका हातात काड्यापेटी आणि दुसऱ्या हातात जळकी काडी सापडली होती हा तपशील डॉयल यांनी मुद्दाम नोंदवला आहे. तिने काहीतरी पाहिले आणि जवळचा शब्द वापरला, इतकेच.

आता यादीत 'स्पेकल्ड बँड : एक विषारी साप' असे लिहिले की काय होते ते पाहा. जिप्सींचा तळ, त्यांचे रुमाल, खिडक्यांच्या लोखंडी सळ्या, हेलनचा तर्क, वॉटसनचा गोंधळ, हे सारे क्षणात निरर्थक होते. विद्यार्थ्याला कथेतील प्रत्येक पात्र मूर्ख वाटू लागते, कारण त्याला ठाऊक असलेली साधी गोष्ट यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. आणि कथेचा सर्वांत सुंदर भाग तर पूर्णच हरवतो. शेवटी होम्स स्वतः मान्य करतो की, जिप्सींचे तेथे असणे आणि 'बँड' हा शब्द यांनी आपल्याला प्रारंभी साफ चुकीच्या वाटेवर नेले होते. अपुऱ्या माहितीवर तर्क करणे किती धोक्याचे असते, याचा तो स्वतःचाच दाखला देतो. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेराला ज्या शब्दाने फसवले, त्या शब्दाने आपल्या विद्यार्थ्यालाही थोडा वेळ फसवले पाहिजे. तो त्याचा वाचक म्हणून हक्क आहे.

शेवटच्या दृश्यात डॉक्टर खुर्चीत मरून पडलेला आहे आणि पिवळ्या रंगाचा, तपकिरी ठिपक्यांचा पट्टा त्याच्या डोक्याभोवती घट्ट बसलेला आहे. म्हणजे जो अर्थ आपण खोटा म्हणून टाकून दिला, डोक्याला बांधलेल्या रुमालाचा, तोच डोळ्यांपुढे खरा होऊन उभा राहतो. फक्त बांधणारा आणि बांधला जाणारा बदललेला असतो. ज्याने आधीचे चुकीचे अर्थ मनात वागवले आहेत त्यालाच या चित्राचा धक्का बसतो. यादी पाठ करून आलेल्याला येथे फक्त साप दिसतो.

मराठी भाषांतरकाराची येथे मोठी पंचाईत होते, आणि ती वर्गात चर्चेला घेण्याजोगी आहे. टोळी आणि पट्टा या दोन्हींना चालेल असा एक शब्द मराठीत नाही. 'टोळी' म्हटले तर साप हरवतो. 'रुमाल' म्हटले तर टोळी हरवते. 'पट्टा' म्हणावे तर जिप्सींचा धागा सुटतो आणि दुसरीकडे रहस्य लवकर फुटण्याचा धोका येतो, कारण 'पट्टेरी मण्यार' हे नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते. मात्र 'पट्टा' शब्द काही नव्या चकव्याच्या वाटाही उघडतो : कमरपट्टा, दांडपट्टा, कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. रॉयलटच्या खोलीत कुत्र्यासाठी वापरतात तसली चाबकाची दोरी फास करून टांगलेली असते, त्यामुळे हा शेवटचा चकवा तर कथेत आयताच बसतो. मूळ शब्द 'बँड' तसाच ठेवला तर आपल्या विद्यार्थ्याच्या मनात प्रथम लग्नाच्या वरातीतला बँड वाजू लागतो. गंमत अशी की ज्युलियाचे लग्न तोंडावर आलेले असतेच. अर्थ एका भाषेतून दुसरीत जातो तेव्हा त्याच्या चकव्याच्या वाटाही बदलतात, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की शब्दार्थ मुळीच देऊ नयेत, विद्यार्थ्याला कथेत सोडून द्यावे, तो आपोआप पोहेल. तसे मानणारे अध्यापक आहेत. त्यांच्याशीही माझा मतभेद आहे, आणि तो अधिक गंभीर आहे.

रहस्यकथा वाचकाशी एक अलिखित करार करते : गुप्तहेराला जे दिसते ते तुम्हालाही दाखवले जाईल, मग बुद्धीची शर्यत लावू. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले तेव्हा त्यांचा गाभा हाच होता. पण 'दाखवणे' म्हणजे काय? १८९२ सालचा लंडनचा वाचक आणि आजचा महाराष्ट्रातला बी.ए.चा विद्यार्थी यांच्यापुढे एकच शब्द ठेवला तरी दोघांना एकच वस्तू दाखवली असे होत नाही. कथेच्या आरंभी होम्स हेलनकडे पाहून सांगतो की ती डॉग-कार्टमधून चिखलाच्या रस्त्याने आली आहे. तिच्या डाव्या बाहीवर सात ठिकाणी ताजा चिखल उडाला आहे, आणि असा चिखल डॉग-कार्टमध्ये गाडीवानाच्या डाव्या हाताला बसल्यावरच उडतो. डॉग-कार्ट म्हणजे कुत्र्याने ओढायची गाडी अशी ज्याची समजूत झाली, त्याला हा तर्क जादूसारखा वाटणार. ती एका घोड्याची, दोन उंच चाकांची उघडी गाडी, बैठकीखाली शिकारी कुत्री ठेवण्याची पेटी असे म्हणून ते नाव, आपल्या टांग्यासारखी पाठीला पाठ लावून बसण्याची सोय, हे सांगितले की विद्यार्थी स्वतःच म्हणतो, पुढे गाडीवानाशेजारी बसले की चाकाचा चिखल अंगावर येणारच! जादूचे रूपांतर तर्कात करायला दोन वाक्ये पुरली.

ही दोन वाक्ये ज्याला घरातून, वाचनातून, चित्रपटांतून आधीच मिळालेली असतात त्याला करार लागू होतो. ज्याला मिळालेली नसतात तो खेळाच्या बाहेर उभा राहून दुसऱ्याची हुशारी पाहत बसतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला अशा वेळी आपली बुद्धी कमी पडली असे वाटते. कमी पडलेली असते ती माहिती. हा फरक त्याच्या मनावर ठसवणे हे अध्यापकाचे काम आहे. म्हणून शब्दार्थ द्यायचे की नाही हा प्रश्न चुकीचा आहे. कोणत्या शब्दाचा अर्थ केव्हा द्यायचा, हा खरा प्रश्न आहे.

ज्युलियाच्या खोलीतील वस्तूंचे उदाहरण घेऊ. पलंगाशेजारी 'बेल-रोप' लोंबते आहे, तिचा गोंडा उशीवर पडला आहे. 'घंटेचा दोर' असा प्रतिशब्द दिला की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ किंवा शाळा येते. त्या काळच्या मोठ्या इंग्रजी घरात दोर ओढला की तारेने जोडलेली घंटा नोकरांच्या भागात वाजे आणि कोणीतरी वर येई, ही व्यवस्था माहीत असेल तरच पुढचा प्रश्न सुचतो : हा दोर कोठे जातो? होम्स तो ओढून पाहतो. तो कोठेच जात नाही, वर एका हुकाला नुसता बांधलेला आहे. 'व्हेंटिलेटर'चेही तसेच. २०२० नंतर हा शब्द उच्चारला की रुग्णालयातले यंत्र आठवते, पण छताजवळचा झरोका या अर्थाने तो आपल्या घरांतही रुळलेला आहे. झरोक्याचे काम बाहेरची हवा आत आणणे. येथील झरोका मात्र डॉक्टरच्या खोलीत उघडतो. या शब्दांचे अर्थ आधी द्यायला हवेत आणि नीट, वस्तूच्या उपयोगासकट द्यायला हवेत. वस्तू काय काम करते हे कळले तरच ती ते काम करत नाही हे खटकते, आणि शोधाची सुरुवात त्या खटकण्यातून होते.

काही संज्ञा मात्र पार्श्वभूमीच्या आहेत आणि त्या शब्दकोशातून हाती लागत नाहीत. होम्स सकाळी 'डॉक्टर्स कॉमन्स'ला जाऊन येतो. रॉयलट डॉक्टर असल्यामुळे होम्स त्याच्या वैद्यकीय नोंदी तपासायला गेला असावा, असे विद्यार्थ्याला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. तेथील 'डॉक्टर' हे कायद्याचे डॉक्टर. सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळची ही वकिलांची जुनी संस्था, आणि तेथे पूर्वी मृत्युपत्रे ठेवली जात. तिची इमारत १८६७ मध्येच पाडली गेली आणि मृत्युपत्रांची कचेरी पुढे सॉमरसेट हाउसमध्ये गेली. १८८३ मध्ये घडणाऱ्या कथेत तरीही जुनेच नाव येते. आपणही नाव बदललेल्या स्थानकाला वर्षानुवर्षे व्ही.टी.च म्हणत राहतो, तसाच हा प्रकार असावा.

होम्स तेथून आणतो ते आकडे म्हणजे खुनाचा हेतू. हेलनच्या आईच्या मृत्यूच्या वेळी तिच्या मालमत्तेचे वार्षिक उत्पन्न ११०० पौंडांच्या आसपास होते. शेतमालाचे भाव पडल्यामुळे ते आता ७५० वर आले आहे. लग्न झाल्यावर प्रत्येक मुलीला वर्षाला २५० पौंड मागण्याचा अधिकार आहे. 'शेतमालाचे भाव पडल्यामुळे' या शब्दांवरून आपण डोळे फिरवून पुढे जातो. वस्तुतः १८७० च्या दशकापासून अमेरिकेतला स्वस्त गहू आगगाड्या आणि आगबोटींनी ब्रिटनमध्ये येऊ लागला आणि तेथील जमीनदारांचे उत्पन्न ढासळले, हा सारा इतिहास त्यात आहे. गणित फळ्यावर मांडून पाहावे. ११०० असताना दोघी मुलींची लग्ने झाली तरी डॉक्टरकडे ६०० उरत होते. ७५० असताना २५० उरतात. त्याच मृत्युपत्राने पूर्वी गैरसोय झाली असती, आता सर्वनाश होतो. शेतकऱ्यांच्या मुलांनी भरलेल्या वर्गात भाव पडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तो या कथेत खुनापर्यंत पोहोचतो एवढेच दाखवावे लागते.

'जिप्सी' हा शब्द त्याहून नाजूक आहे. गाइडात त्याचा अर्थ 'भटकी जमात' असा असतो, क्वचित त्यात 'चोऱ्या करणारी' अशी भर पडते. ही भर घालणारा नकळत डॉयल यांच्या सापळ्यात सापडतो. कथेत जिप्सींनी काहीही केलेले नाही. त्यांच्यावरचा संशय हा वाचकाच्या पूर्वग्रहावर बसवलेला चकवा आहे. ते भटके आहेत, म्हणून त्यांनी केले असेल, इतकाच त्याचा आधार. आपल्याकडे ज्या इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून समूहच्या समूह जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्याच समाजातील वाचकांसाठी ही कथा लिहिलेली आहे. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडले. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचलेला विद्यार्थी या संशयाकडे निराळ्या डोळ्यांनी पाहील, आणि कदाचित या चकव्यातून इतरांपेक्षा लवकर बाहेर पडेल. शिवाय या लोकांची रोमानी भाषा भारतीय आर्यभाषांच्या कुळातली आहे. त्यांचे येक, दुय, त्रिन, श्तार, पांज हे अंक मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. इंग्लंडच्या खेड्यातला 'परका' हा असा आपला दूरचा नातेवाईक निघतो.

आणखी एक शब्द यादीत कधीच नसतो, कारण तो कठीण नाही. तो म्हणजे 'बटलर'. कलकत्त्यात घरात झालेल्या चोऱ्यांनी संतापून रॉयलटने आपल्या एतद्देशीय बटलरला मरेपर्यंत मारले, फाशी थोडक्यात चुकली, दीर्घ कारावास भोगून तो परतला. कथेत एवढाच उल्लेख आहे. त्या माणसाला नाव नाही. त्याच्या मृत्यूचा उपयोग डॉक्टरचा तापट स्वभाव सांगण्यापुरता. कथा ज्या १८८३ सालात घडते त्याच वर्षी भारतात इल्बर्ट विधेयकावरून रान पेटले होते. भारतीय न्यायाधीशांनी युरोपीय आरोपींचे खटले चालवावेत की नाही, हा त्यातला वाद. इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले इल्बर्ट विधेयक आणि इंग्रजीच्या पुस्तकातला हा निनावी नोकर आपल्या विद्यार्थ्याच्या डोक्यात सहसा एकत्र येत नाहीत. ते आणणे हेही पार्श्वभूमी शिकवणेच आहे. कथेत ज्याचा शोध घेतला जातो तो मृत्यू एक, आणि ज्याचा शोध कोणालाच घ्यावासा वाटत नाही तो दुसरा.

आतापर्यंत आपल्या विद्यार्थ्याकडे काय नाही याचाच विचार केला. त्याच्याकडे काय आहे? डॉक्टरच्या खोलीत लोखंडी तिजोरीवर दुधाची बशी ठेवलेली आहे. होम्स विचारतो, घरात मांजर आहे का? इंग्रज वाचकाच्या मनात बशीतले दूध म्हणजे मांजर हे समीकरण पक्के. मांजर नाही, पण डॉक्टरने भारतातून मागवलेले चित्ता आणि बबून आवारात मोकळे फिरतात, असे उत्तर येते आणि वाचक आणखी भरकटतो. आपल्या विद्यार्थ्याला मात्र नागपंचमी आठवते. दुधाची बशी, रात्रीची शीळ आणि भारतात राहून आलेला माणूस या तीन गोष्टी एकत्र आल्या की गारुडी, पुंगी आणि टोपली त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते. वॉटसनच्या कितीतरी आधी तो उत्तरापाशी पोहोचू शकतो. अट इतकीच की 'सॉसर' आणि 'व्हिसल' हे दोन साधे शब्द त्याला ठाऊक असावेत, आणि आपल्याला सुचलेले वर्गात बोलून दाखवण्याची मुभा असावी.

त्यानंतर सर्पमित्रांकडून ऐकलेले दुसरे ज्ञानही त्याने खुशाल बाहेर काढावे. दूध हे सापाचे अन्न नव्हे. त्याला बाह्य कान नसतात, आणि पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हालचालीकडे त्याचे लक्ष असते. होम्स ज्याला भारतातला सर्वांत विषारी साप म्हणतो तो 'स्वॉम्प अॅडर' प्राणिशास्त्राला ठाऊक नाही, आणि बबून तर भारतात आढळतच नाही. नॉक्स यांच्या नियमावलीत अज्ञात विषाला मनाई आहे. तिच्या सदतीस वर्षे आधीची ही कथा त्या नियमात बसत नाही. यावरून कथा टाकाऊ ठरते असे मला म्हणायचे नाही. साम्राज्याच्या राजधानीत 'भारत' हा शब्द उच्चारला की काय काय शक्य वाटत असे, त्याची ती नोंद आहे. 'चित्ता' हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच घेतला आणि त्याचे मूळ संस्कृत 'चित्रक', म्हणजे ठिपक्यांचा, हे सांगितले तर वर्गाला आणखी एक गंमत कळेल. 'स्पेकल्ड' म्हणता येईल असे दोन प्राणी त्या वाड्यात होते, आणि सगळ्यांच्या भीतीचे कारण मात्र त्यांतला न चावणारा होता.

या सगळ्यातून वर्गापुरती एक साधी विभागणी निघते. डॉग-कार्ट, बेल-रोप, झरोका, बशी, शीळ हे वस्तूंचे शब्द वाचनाआधी द्यावेत आणि वस्तूच्या उपयोगासह द्यावेत. डॉक्टर्स कॉमन्स, शेतमालाचे भाव, जिप्सी, बटलर या संज्ञा जेथे येतील तेथे थांबून उलगडाव्यात. आधी दिल्या तर त्या रुक्ष टिपा होतात, नंतर दिल्या तर उशीर होतो. आणि 'बँड'सारखा शब्द, ज्याच्या अनेकार्थतेवर कथा उभी आहे, तो अजिबात सोडवून देऊ नये. हेलनचे निवेदन संपले की वाचन थांबवून प्रत्येकाने त्याचा आपल्याला वाटलेला अर्थ कागदावर लिहावा, खोल्यांची पाहणी झाली की पुन्हा लिहावा, आणि शेवटी दोन्ही कागद ताडून पाहावेत. त्सव्हेतान तोदोरोव यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की रहस्यकथेत दोन कथा असतात, एक गुन्ह्याची आणि एक शोधाची. ज्युलियाचा अखेरचा शब्द या दोन कथांच्या मधला दरवाजा आहे. त्याची किल्ली पहिल्याच तासाला वाटून टाकण्याचे कारण नाही.

परीक्षेचा आक्षेप येईलच. परीक्षेत शब्दार्थ विचारतात, वेळ थोडा असतो, वर्ग मोठा असतो, हे सारे खरे आहे. पण वरील पद्धतीला जास्त तास लागत नाहीत, फक्त तेच शब्द निराळ्या क्रमाने द्यावे लागतात. आणि प्रश्नपत्रिका काढणारे आपल्यातलेच असतात. 'स्पेकल्ड बँड म्हणजे काय?' या प्रश्नाचे उत्तर गाइड देते. 'कथेच्या कोणत्या टप्प्यावर तुम्ही या शब्दाचा कोणता अर्थ घेतला होता, आणि तो का सोडावा लागला?' या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाइडला देता येणार नाही. ते कथा वाचलेल्यालाच देता येईल, आणि प्रत्येकाचे निराळे येईल.

साहित्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाला शब्दांचे अर्थ माहीत असावेत ही अपेक्षा रास्तच आहे. पण समोरच्याने वापरलेला शब्द त्याने कोणत्या अर्थाने वापरला असेल, आणि आपण तो आपल्या पूर्वग्रहाप्रमाणे तर ऐकत नाही ना, हे थांबून पाहण्याची सवय त्याहून मोलाची. ज्युलियाचा शब्द खोटा नव्हता, तो ऐकणाऱ्यांनी टोळीकडे वळवला. ही सवय लावायला काडीच्या उजेडात उच्चारलेल्या त्या एका शब्दाइतके चांगले साधन आपल्याला क्वचितच मिळते. ते यादीत घालून वाया घालवू नये.